घट्ट बटणांचा लॅपटॉप

"कोणासाठी हवाय, काकू? नातवासाठी का?"

कर्वे रस्त्यावरच्या त्या दुकानात मी नुकता पाय ठेवला होता. "मला नातू नाही," मी म्हणाले. "लॅपटॉप घरात वापरायचाय, पेन्शनीत बसेल असा हवाय, आणि त्याची बटणं मला दाबून बघायची आहेत." विक्रेता हसला. टेबलावर लॅपटॉप ओळीने उघडून मांडले होते आणि मधोमध एक पाटी उभी होती: 'मांडलेल्या वस्तूंना हात लावू नये.' मी विचारलं, "मग काय वास घेऊन निवडायचा?"

माझा स्वभाव मुळातच तापट. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, तेव्हा आवाज चढवायचीही सवय. पण त्या दिवसांत मी जरा जास्तच चिडलेली असायचे आणि त्याला कारण होतं.

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय हळूहळू परत आला, हे काठी घेऊन घरातल्या घरात फिरायला लागले. हात आला नाही, बोलणंही आलं नाही. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं की ह्यांना सगळं कळतं, शब्द डोक्यात शाबूत आहेत, जीभ आणि ओठ तेवढे ऐकत नाहीत. दवाखान्यात ऐकताना ते बरं वाटलं होतं. घरी आल्यावर त्याचा अर्थ कळला. ह्यांच्या तोंडून नुसता आवाज यायचा आणि मी अंदाज बांधायचे. पाणी? नाही. पंखा? नाही. बाथरूमला जायचंय? हे डोळे मिटून घ्यायचे.

तसे हे फार बोलणारे कधीच नव्हते. सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक म्हणून लागले आणि शेवटी मोठ्या खुर्चीत बसून निवृत्त झाले, तरी महत्त्वाचा मजकूर स्वतःच टाइप करायचे. बोलणं मोजकं, पण असं की समोरच्याला ते घरी पोचल्यावर लागायचं. लग्नानंतर मी पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या तेव्हा दोन खाऊन झाल्यावर म्हणाले, "पोट भरलं." बस, एवढंच. मी त्यावर आठवडाभर अबोला धरला होता. आता तसलं एखादं खवचट वाक्य ऐकायला मी तरसले होते.

घरात बोलणारी मी एकटीच उरले. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. ते रोज संध्याकाळी येऊन बसायचे, ह्यांच्याकडे बघायचे आणि मला विचारायचे, "काय म्हणतात साहेब?" मी लगेच उत्तर द्यायचे. बरं वाटतंय म्हणतात. झोप चांगली लागते म्हणतात. हल्ली दुधीसुद्धा आवडायला लागलाय. ह्यांतलं एक अक्षरही हे म्हणालेले नसायचे. दुधी पचायला हलका म्हणून मीच करत होते आणि भरवत होते.

एकदा पंखे पुसायचे होते म्हणून मी शिडी शोधत होते. गॅलरीत बघितली, माळ्यावर बघितली, गच्चीवर टाकीपाशी जाऊन आले. कुठेच नाही. हे खुर्चीतून आवाज करत होते आणि डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवत होते. मला वाटलं, ह्यांना बाहेर जायचंय. मी शिडीचा नाद सोडला, ह्यांच्या पायांत चपला घातल्या, लिफ्टने खाली आणलं आणि सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसवलं. बाकावर बसून ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथेच रडू फुटलं. ह्यांना काहीतरी वेगळंच सांगायचं होतं, मला ते कळलं नव्हतं आणि कळेल असा मार्गही नव्हता. रडून झाल्यावर मला राग आला. मी तिथल्या तिथे ठरवलं की ह्यांच्या डोक्यातलं बाहेर यायला वाट करून द्यायची म्हणजे द्यायचीच.

पाटी-पेन्सिल आधी करून झाली होती. डाव्या हाताने निघालेली वाकडीतिकडी अक्षरं ह्यांना स्वतःलाच बघवेनात, त्यांनी पाटी भिरकावून दिली. फोनवर बोट थरथरायचं, एक अक्षर दाबायला जावं तर शेजारची दोन उमटायची. मी विचार केला, ज्या माणसाने आयुष्यभर बटणं दाबून लिहिलं, त्याला बटणंच दिली पाहिजेत.

आमची मुलगी बंगळूरला असते. तिला फोन केला तर म्हणाली, "आई, मी इथूनच ऑनलाइन मागवते ना. तू दुकानात गेलीस तर तुला काहीही गळ्यात मारतील."

"मारू देत. बटणं दाबून बघितल्याशिवाय मी घेणार नाही."

"बटणं काय, सगळ्यांची सारखीच असतात गं."

"मग दाबून बघायला काय हरकत आहे?" मी म्हणाले. समोरच्या फ्लॅटमधले ते अधिकारी तेवढ्यात आले होते. ते सोफ्यावर टेकत म्हणाले, "ह्या वयात लॅपटॉप कशाला वहिनी? साहेबांना आता आराम करू द्या." ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हणाले, "आराम नकोय म्हणतात." हे मात्र मला खात्रीने माहीत होतं.

तर अशी मी त्या दुकानात उभी होते. विक्रेत्याने प्रोसेसर, रॅम, बॅटरी असं एकेक सांगायला सुरुवात केली. मी ऐकून घेतलं, कारण कळत नाही असं दाखवलं की महाग वस्तू पुढे येते. घरच्या वापराला कोणता प्रोसेसर पुरतो आणि किती रॅम उगाचच घ्यायला लावतात, ते मी मुलीकडून घोकून गेले होते. मग मी विचारलं की जुन्या मराठी टाइपरायटरवर अक्षरं जशी असायची तशी ह्यात येतील का. त्याने डोकं खाजवलं. ते वेगळं टाकून घ्यावं लागतं, म्हणाला. आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "पण काकू, टाइप करायचंच कशाला? आता नुसतं बोलायचं. आपण बोललो की मराठीत आपोआप उमटतं."

"ज्यांच्यासाठी घ्यायचाय, त्यांना बोलता येत नाही."

मग त्याने ती पाटी उचलली आणि काउंटरच्या खाली ठेवून दिली. "बघा, काय दाबून बघायचं ते," म्हणाला. तिथून पुढे आमचं बरं जमलं.

मी एक निवडला. पातळ, हलका, दिसायला देखणा. त्यात टाइपरायटरची अक्षरं टाकून ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षाने दुकानात घेऊन गेले. विक्रेत्याने खुर्ची दिली. ह्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, मान डोलावली आणि डावा हात बटणांवर ठेवला. बोटं बरोबर जागच्या जागी बसली. बोटं भराभर चालली आणि मध्येच थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. पडद्यावर मात्रा आणि ऱ्हस्व वेलांट्या लटकत होत्या, एकही शब्द पुरा नव्हता. हे उजव्या बाजूच्या बटणांकडे बघत राहिले. त्यांवर इंग्रजी अक्षरं छापलेली, त्यांचा ह्यांना काही उपयोग नव्हता. मग ह्यांनी लॅपटॉपचं झाकण स्वतःच मिटलं आणि खुणेने काठी मागितली.

"काकांना सवय नाही, होईल हळूहळू," विक्रेता म्हणाला.

"ह्यांना सवय नाही? तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून टाइप करतायत," मी म्हणाले. पण मलाही काय झालं ते कळलं नव्हतं.

रिक्षात हे बाहेर बघत होते. घरी पोचते न पोचते तोच मुलीचा फोन. मी सांगितलं तशी ती रडवेली झाली. "आई, आता पुरे कर. बाबांना येत नाहीये तर त्यांना आणखी अपमान वाटतो." ते मला फार लागलं, कारण मलाही तीच भीती वाटत होती. ह्यांचं लिहिणं-बोलणं खरोखरच संपलं असेल तर? शब्द डोक्यात आहेत हे डॉक्टरांचं बोलणं नुसतं माझं मन राखायला असेल तर? पण मी म्हणाले, "पुरे केव्हा करायचं ते मी आणि तुझे बाबा बघून घेऊ," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर हे जेवणाच्या टेबलाशीच बसून होते. मी भांडी आवरत होते आणि मोठमोठ्याने वाजवतही होते. उजवा हात लोंबकळत ठेवला तर सुजतो, म्हणून व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनी तो वर ठेवायला सांगितला होता. मी जाताजाता तो उचलून टेबलावर ठेवला. ह्यांनी डावा हात त्याच्याशेजारी ठेवला आणि डावी बोटं टेबलावर नाचायला लागली.

ही ह्यांची जुनी खोड. कोणाचंही बोलणं ऐकताना टेबलावर, गुडघ्यावर, बसच्या दांड्यावर बोटं चालत असायची. समोरचा बोलतो ते हे टाइप करत. आमच्या लग्नाच्या बोलणीत माझे वडील तावातावाने बोलत होते आणि हे मांडीवर ते सगळं टाइप करत होते, हे मला मागाहून कळलं होतं. मी हातातलं पातेलं खाली ठेवून बघत राहिले. डावी बोटं दोनदा पडायची आणि थांबायची. थांबली की हे उजव्या हाताकडे बघायचे. त्याची वाट बघत असल्यासारखे. मग पुन्हा डावी बोटं.

ह्यांच्या टायपिंग क्लासची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. मास्तर हातांवर कापड टाकायचे. बटणांकडे बघितलं की हातावर पट्टी. अक्षर कुठे आहे ते डोळ्यांना माहीत असताच कामा नये, बोटाला माहीत पाहिजे, असा तिथला कायदा. ह्यांनी जन्मात कधी बटणांकडे बघितलंच नव्हतं. डाव्या हाताची अक्षरं डाव्या हाताला ठाऊक होती. उजव्या हाताची फक्त उजव्या हाताला ठाऊक होती आणि तो निकामी होऊन पडला होता. प्रत्येक शब्द अर्धा होऊन तिथे अडकत होता.

मी खुर्ची ओढून समोर बसले. "अहो, 'र' कुठे असतो?"

हे गोंधळले. मान हलवली. माहीत नाही.

"कुठे असतो ते सोडा. कोणत्या बोटात असतो?"

ह्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. डाव्या हाताने उजव्या तर्जनीवर टिचकी मारली.

"काना?" उजवं मधलं बोट. "स?" त्याच्या पुढचं. मी एकेक अक्षर विचारत गेले आणि हे स्वतःच्याच निर्जीव बोटांवर टिचक्या मारत गेले. वरच्या ओळीतलं अक्षर असलं की ते बोट उचलून किंचित पुढे ठेवायचे. सगळं तिथे होतं, एकही अक्षर हरवलेलं नव्हतं. ह्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे भरून आले होते. माझेही. मी म्हणाले, "रडत बसू नका. मला दुकान बंद व्हायच्या आत पोचायचंय."

ह्या वेळी मला नक्की काय हवंय ते माहीत होतं. ह्यांचा उजवा हात बटणांवर पडून राहिला पाहिजे, आणि डाव्या हाताने उजवं बोट दाबलं की त्याखालचं बटण दाबलं गेलं पाहिजे. म्हणजे बटणं इतकी घट्ट हवीत की नुसत्या हाताच्या वजनाने ती दबता कामा नयेत. बटणांच्या खाली मनगट टेकायला भरपूर जागा हवी आणि कडा बोचरी नको. मी दुकानात गेले, उजवा हात सैल सोडला आणि एकेका लॅपटॉपवर टाकत सुटले. कालच्या त्या देखण्या लॅपटॉपवर हात टाकताच पडद्यावर एकाच अक्षराची रांग धावत सुटली. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. दुकानात आलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. एका बाईंनी आपल्या मुलीला जवळ ओढलं.

"काकू, काय करताय?" विक्रेत्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, स्वतःचाही हात सैल सोडून एकदोन लॅपटॉपांवर टाकून बघितला, आणि मागे जाऊन एक खोकं घेऊन आला. आतला लॅपटॉप जाड, जड आणि काळपट रंगाचा होता. "हा कोणी घेत नाही. कॉलेजची पोरं बघतसुद्धा नाहीत," म्हणाला. "पण बटणं कडक आहेत."

मी हात टाकला. पडदा कोरा राहिला. मी डाव्या हाताने उजवं बोट दाबलं. टक् असा आवाज झाला आणि एकच अक्षर उमटलं.

तो लॅपटॉप दुकानातल्या स्वस्तातल्या स्वस्तांपैकी निघाला. अक्षरं टाकून होईपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसून राहिले आणि तो जड बोजा मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. मुलीला फोन करून सांगितलं, "घेतला. सगळ्यांची बटणं सारखी नसतात."

सकाळी मी टेबल पुसलं, लॅपटॉप उघडला आणि ह्यांचा उजवा हात उचलून बोटं जागच्या जागी बसवली. पडदा कोराच. मी शेजारी उभी राहिले तशी ह्यांनी काठीने स्वयंपाकघराकडे खूण केली. ही खूण मला बरोबर कळली. मी आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. बाहेरून टक् यायचं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक् टक्. मी दुधाचं पातेलं उगाचच पुसत होते. हे काय लिहीत असतील? इतक्या महिन्यांचं साचलेलं. मला काही म्हणतील का? काहीतरी चांगलं म्हणतील, असं मला फार वाटत होतं, कशाला खोटं सांगू.

मग काठी जमिनीवर आपटली. मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि वाचलं.

'शिडी समोरच्यांकडे आहे. दाराकडे बोट दाखवत होतो. दारापलीकडे ते राहतात.'

मी मटकन खुर्चीत बसले. आधी हसायला आलं, मग हसता हसता हुंदका आला, आणि दोन्ही एकदम होत राहिलं. हे माझ्याकडे बघत होते. ओठांची डावी बाजू किंचित वर गेली होती. हाच तो माणूस. पुरणपोळीवाला. जसाच्या तसा परत आला होता.

संध्याकाळी समोरचे आले, नेहमीच्या जागी टेकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणतात साहेब?"

"बरं वाट..." एवढं माझ्या तोंडून गेलंसुद्धा. मग मी ओठ मिटले. लॅपटॉप ह्यांच्यापुढे सरकवला, उजवा हात त्यावर ठेवला. "त्यांनाच विचारा. वेळ लागेल, बसा."

वेळ लागला. समोरचे खुर्चीत चुळबुळ करत होते, दोनदा माझ्याकडे वळले. मला तर जीभ आवरणं असह्य होत होतं. हे मधेच थांबले की काय म्हणायचंय ते माझ्या तोंडावर यायचं आणि मी ते गिळायचे. ह्यांनी डाव्या हाताने उजवं बोट उचललं, वरच्या ओळीत ठेवलं, दाबलं, परत खाली आणलं. शेवटी ह्यांनी मान वर केली. समोरच्यांनी चष्मा लावला, पुढे वाकले आणि मोठ्याने वाचलं:

"हिला विचारत जाऊ नका. मला विचारा."

समोरच्यांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा उतरला होता. मग खुर्ची ओढून ते ह्यांच्या अगदी समोर बसले, माझ्याकडे पाठ करून, आणि घसा साफ करून म्हणाले, "चुकलं साहेब. सांगा, कसे आहात?"

मी उठले. चहाचं आधण ठेवलं, रात्रीसाठी चिरून ठेवलेला दुधी डब्यात भरला आणि डबा समोरच्यांना देण्यासाठी बाजूला काढून ठेवला. आमची शिडी आणायला मी त्यांना घरी पाठवणारच होते. बाहेर बटणं वाजत होती आणि मध्ये कोणीच बोलत नव्हतं.